तीन सोनोग्राफ्या आणि खडूचे दोन ठिपके

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग मला दुखतंय ते खोटं काय?’

बेळगावात समुपदेशनाला बसते तेव्हा हा प्रश्न निरनिराळ्या बायकांच्या तोंडून ऐकते. कुणी खानापूरहून आलेली असते, कुणी निपाणीहून, कुणी इथलीच शहापूरची. दुखण्याची जागा तीच, मांड्यांच्या मधली, आणि ती सांगताना नजर फरशीवर. अशा वेळी मी सुमनची गोष्ट सांगते. सुमन हे तिचं खरं नाव नव्हे, घरातले बारकावेही बदललेत. लिहायला तिची परवानगी आहे. तिने एकच अट घातली, ‘शिलाईचं तेवढं खरं ठेवा.’

पहिल्या दिवशी ती आली आणि बसेना. खुर्ची पुढे केली तर म्हणाली, ‘राहू दे की ओ मॅडम, मी उभाच राहतो.’ (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी करतो’ असंच बोलतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी दचकू नये.) खानापूर तालुक्यातल्या गावातून बेळगावपर्यंतचा प्रवासही तिने उभ्यानेच केला होता, आणि बस निम्मी रिकामी होती. वय २९. लग्नाला आठ वर्षं झालेली, एक मुलगी. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. ही घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. अस्तराचं कापड आणायला खडेबाजारात जातो म्हणून सांगून ती निघाली होती. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, म्हणून भाड्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नाही. शक्ती योजनेवरून लोक काहीही वाद घालोत. घरात न विचारता स्वतःच्या दुखण्यासाठी घराबाहेर पडता येणं ही काय चीज आहे, ते माझ्या खोलीत बसल्यावर कळतं.

‘काय होतंय?’

‘पिशवीचा त्रास आहे. चार वर्षं झाली.’

पिशवीतून फाईल काढली (ही कापडी पिशवी, तिनेच शिवलेली). तीन सोनोग्राफ्या, लघवीच्या तपासण्या, मेडिकलची बिलं. एका डॉक्टरांनी अंगावरून पांढरं जातंय म्हणून गोळ्या दिल्या होत्या, दुसऱ्यांनी बुरशी म्हणून मलम, तिसऱ्यांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक. चौथे म्हणाले, काहीच नाही, दुसरं मूल होऊ दे, सगळं जाग्यावर येईल. पाचव्यांनी पिशवी काढून टाकायचा सल्ला दिला होता, आणि ऑपरेशनसाठी घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होती. त्याच धास्तीने ती माझ्याकडे आली.

मी विचारलं, ‘पोटात दुखतं की खाली?’

‘खालीच म्हणा की.’

‘लघवी करताना?’

‘लघवी लागली तिथं झोंबतंय. मिरची पूड लावल्यागत.’

‘सलवारीची शिवण लागली तर?’

‘शिवण लागली की जीव जातो ओ.’

गर्भाशयाला सलवारीची शिवण लागत नाही. चार वर्षांत पाच डॉक्टरांना ती ‘पिशवी’ म्हणत आली आणि सगळे पिशवीच तपासत राहिले. पिशवी बिचारी चांगली होती. सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, अंडाशयं दिसतात. योनीच्या तोंडाशी असलेल्या त्वचेतल्या नसा त्यात दिसत नाहीत. तिच्यावर खोटं बोलल्याचा शिक्का बसत होता आणि मुळात ती जागा नीट उजेडात कुणी पाहिलीच नव्हती.

यात तिची चूक काढायला मी तयार नाही. त्या जागेसाठी मराठीत एक शब्द पोथीतला आहे आणि बाकीचे शिवीतले. योनी म्हणजे आतला मार्ग. बाहेरच्या भागाला पुस्तकात ‘भग’ म्हणतात, पण केसपेपरच्या खिडकीसमोर, मागे रांग लागलेली असताना तो कोण उच्चारणार? त्यात आमच्या भागात आणखी एक पदर. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे, ही मराठी, मध्ये भाषांतराला नर्स किंवा सासू. सासूच्या तोंडून ‘पिशवी’च बाहेर पडणार.

मी कागद पुढे केला. त्यावर त्या भागाची साधी आकृती काढली, एखाद्या ब्लाउजचा नमुना काढावा तशी. म्हटलं, ‘दुखतंय तिथं खूण कर.’ ती जरा लाजली. मग पर्समधून शिंप्याचा खडू काढला आणि योनीमुखाच्या खालच्या कडेला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन ठिपके दिले. मोजून घेतल्यासारखे नेमके. ‘हितं आणि हितं. बाकी सगळीकडं नुसती आग.’

तो कागद तिच्याबरोबर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवला. त्यांना मराठी बेताचंच येतं, म्हणून सुमनला एक कन्नड वाक्य शिकवलं: ‘मुट्टिद्र उरितैति.’ हात लावला की आग होते. एवढंच. सासूबाईंना बाहेर बसवायला सांगितलं.

बाईंनी आधी नुसतं पाहिलं. त्वचेवर पांढुरके चट्टे नाहीत ना, भेगा, फोड, गाठ नाही ना. कारण लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचेचा विकार असाच छळतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. बुरशीची शंका नुसत्या अंदाजावर न सोडता स्वॅब प्रयोगशाळेत पाठवला, रक्तातली साखर बघितली. मग कापूस गुंडाळलेली काडी घेऊन, घड्याळाची तबकडी कल्पून, एकेका आकड्यापाशी हलकेच टेकवली. पाच आणि सातच्या जागी सुमन टेबलावरून उठलीच. खडूचे ठिपके तिथेच होते.

निदान झालं: वल्व्होडायनिया. बाह्य जननांगाच्या भागात तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेलं दुखणं, ज्यामागे दुसरा कुठला ठरावीक आजार सापडत नाही. २०१५ साली जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी एकत्र बसून त्याची व्याख्या आणि प्रकार ठरवले. म्हणजे नाव, गाव, पत्ता असलेलं दुखणं आहे. हा कॅन्सर नव्हे, त्यातून कॅन्सर होतही नाही. हा गुप्तरोग नव्हे, नवऱ्याला लागत नाही. आणि पिशवी काढून ते जात नाही, कारण ते पिशवीत नसतंच.

‘मग नसलं कारण तर दुखतंय कशानं?’ सुमनचा प्रश्न रास्त होता. मी तिला फौंड्रीच्या भोंग्याचं उदाहरण दिलं: शिफ्ट संपली तरी भोंगा वाजतच राहिला तर बिघाड भोंग्यात असतो, तशा या नसा. तिला ते फारसं पटलं नाही. मग विचार करून तिनेच सांगितलं, ‘मशीनचं टेन्शन जास्त झाल्यावर होतंय तसं काय? कापड चांगलं, दोरा चांगला, सुई चांगली. पण टेन्शनचा स्क्रू आवळलेला असला की टीप ओढती, कापड चुरगळतं.’ याहून चांगलं मला अजून सांगता आलेलं नाही. वारंवारच्या इन्फेक्शनने किंवा जळजळीने नसा हळव्या होतात, साध्या स्पर्शालाही दुखणं म्हणून कळवू लागतात. दुखेल या भीतीने ओटीच्या तळाचे स्नायू (लघवी रोखून धरताना आवळतो ते) आवळून धरले जातात. आवळले की आणखी दुखतं.

तिच्या बाबतीत आगीत तेल ओतणारी गोष्ट घरातच होती. ‘स्वच्छता नाही म्हणून होतंय’ असं कुणीतरी सांगितल्यापासून ती दिवसातून तीनदा अँटिसेप्टिक टाकलेल्या गरम पाण्याने धूत होती, वर सुवासिक साबण. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम महिनोन्‌महिने चालू होतं, त्याने त्वचा पातळ झालेली. ते सगळं बंद. फक्त साधं पाणी, टिपून कोरडं करायचं, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. आतले कपडे सुती आणि सैल, रात्री तेही नकोत. एवढ्यानेच पंधरा दिवसांत ती थोडी तरी बसू लागली.

डॉक्टरांनी तिथं लावायला बधिर करणारं लिडोकेनचं मलम दिलं आणि रात्री अमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी. आणि इथे गाडी रुळावरून घसरली. मेडिकलमध्ये कुणीतरी सांगितलं, ‘ही डिप्रेशनची गोळी आहे.’ पुढच्या भेटीला सुमन आली ती रागानेच. पाकीट टेबलावर टाकलं. ‘म्हणजे तुम्ही पण मला येडीच समजला.’

चूक माझी होती. हे आधी सांगायला हवं होतं. नैराश्यासाठी हे औषध बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात. लहान मात्रेत ते नसांचा आरडाओरडा कमी करतं, मधुमेहाने पायांची आग होणाऱ्यांनाही देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, झोप येते, बद्धकोष्ठही होतं, म्हणून पाणी आणि भाजी-भाकरी वाढवायची. मात्रा वाढवायची की बंद करायची ते डॉक्टरांना विचारून, एकदम सोडायचं नाही. मुलाचा विचार असेल तर तेही आधी सांगायचं. तिने ऐकलं, पाकीट परत पर्समध्ये ठेवलं. माझ्याशी नीट बोलायला मात्र आणखी दोन भेटी गेल्या.

फिजिओथेरपीचंही असंच उलटं झालं होतं. मोबाईलवर बघून ती आधीपासूनच खालचे स्नायू आवळण्याचे व्यायाम करत होती. आवळलेला स्क्रू आणखी आवळत होती! फिजिओथेरपिस्टने तिला सैल सोडायला शिकवलं: पोटातून श्वास, गुडघे छातीशी घेऊन पडून राहणं, पुढे हळूहळू स्वतःच्या बोटाने स्पर्शाची सवय. बेळगावात हे काम जाणणारे मोजकेच आहेत. जाण्याआधी ‘ओटीतळाच्या स्नायूंचं काम करता का’ असं फोनवर विचारून घ्यावं.

तेवढ्यात प्रश्न आला पैशाचा. तो सुटला अनपेक्षित बाजूने. घरात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये सासूच्या खात्यावर येतात. आत्तीने (म्हणजे सासूने) सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्मादेवीला सुनेसाठी नवस बोलला होता, आणि मी त्याला नाकं मुरडेन असं दोघींना वाटत होतं. मी म्हटलं, डोंगरावर जरूर जा, फक्त तिथून आल्यावर कुणी दिलेलं काही त्या जागेला लावू नका. आत्तीने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. ‘पिशवी काढायची नाही म्हणताय?’ ‘नाही.’ ‘पोर होईल?’ ‘या दुखण्याने मूल होण्यात अडचण येत नाही.’ पुढच्या महिन्यापासून ते २००० फिजिओथेरपीला.

नवरा सगळ्यात शेवटी आला. दारातच म्हणाला, ‘डॉक्टर म्हणाले काही नाही. मग हिला जवळ का नको वाटतो मी?’ त्याच्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग होता. विचारलं, किती वर्षांचा? सहा. अजून गरम पाणी लागलं तर? ‘चर्र होतंय की.’ ‘बघणाऱ्याला जखम दिसते काय?’ तो डागाकडे बघत राहिला. मग हळूच बोलला, ‘मला वाटलं, कंटाळली मला.’ दोन वर्षं दोघं एकाच खोलीत असं गैरसमजात झोपत होते. ठरलं ते असं: डॉक्टर सांगेपर्यंत संबंध नाही, पण जवळ बसणं, डोकं चेपणं, एकत्र चहा, हे बंद करायचं नाही. आणि पुढे कधीही तिने ‘थांब’ म्हटलं की तिथेच थांबायचं, तोंड फिरवून झोपायचं नाही. सुमनने हे शेवटचं मला दोनदा म्हणायला लावलं.

या काळात एका रात्री तिला सगळं नकोसं झालं होतं. तिला मी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देऊन ठेवला होता. तो फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. तिने लावला. लांबलेलं दुखणं माणसाला खचवतं. म्हणून ते मनातून आलं, असा अर्थ होत नाही.

आता दीड वर्ष झालंय. पूर्ण गेलं का? नाही. दहापैकी आठ म्हणायची ते दोन-तीनवर आलंय. दिवाळीच्या आधी ब्लाउजांची गर्दी असते, तासन्‌तास मशीनवर बसावं लागतं, तेव्हा परत चढलं. घाबरून फोन केला, मग आठवड्यात उतरलं. काही बायकांना एवढ्या उपायांनी गुण येत नाही आणि दुखरी त्वचा काढण्याचं छोटं ऑपरेशन करावं लागतं. तिच्यावर ती पाळी आली नाही.

गेल्या भेटीला ती स्वतःची उशी घेऊन आली. फोमची, मधे कापलेली, नालेच्या आकाराची, वर फुलाफुलांच्या चिटाचं कव्हर. खुर्चीवर ठेवून टेचात बसली. चहा घेताना म्हणाली, गल्लीतल्या एकीला पिशवी काढायला सांगितलंय. ब्लाउजाचं माप घेता घेता हिने तिला विचारलं, ‘शिवण लागली की दुखतंय काय गं?’ ती रडायलाच लागली.

‘गुरुवारी घेऊन येतो तिला,’ सुमन म्हणाली. ‘खुर्ची पुढं करू नका हां. उभाच राहणार बघा ती.’