वाचकांचे प्रश्न : घनतेचा नकाशा एकरंगी का होतो?

प्रश्न : २०११च्या जनगणनेतील जिल्हावार आकडे घेऊन मी भारताच्या लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा तयार केला. सर्वांत कमी व सर्वांत जास्त घनतेमधील अंतराचे पाच समान वर्ग करून पाच छटा दिल्या. पण जवळजवळ सगळा देश फिकट पिवळा झाला. आकडे दोनदा तपासले आहेत. चूक कुठे झाली असावी?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : चूक आकड्यांत नाही, वर्गांतरांत आहे. अरुणाचल प्रदेशातील दिबांग खोरे जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला १ माणूस राहतो, तर ईशान्य दिल्ली जिल्ह्यात ३६,१५५. या अंतराचे पाच समान भाग केले, की पहिला वर्गच सुमारे ७,२०० पर्यंत जातो आणि ६४० जिल्ह्यांपैकी दिल्लीतील बहुतेक जिल्हे, मुंबईचे दोन, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद व चंडीगड एवढेच त्याच्या बाहेर उरतात. बिहारचे गजबजलेले जिल्हे आणि ७४ घनतेचे गडचिरोली एका छटेत आले ते यामुळेच. म्हणून वर्गांतरे वाढती घ्यावीत : १०० पेक्षा कमी, १०० ते २५०, २५० ते ५००, ५०० ते १,००० आणि त्यापुढे. प्रत्येक वर्गात १२८ जिल्हे बसवण्याचीही पद्धत आहे. त्यातून नकाशा देखणा होतो, पण जवळजवळ सारखी घनता असलेले दोन जिल्हे केवळ संख्या जुळवण्यासाठी वेगळ्या छटांत जातात, म्हणून मला ती फारशी पसंत नाही.

छटा सुधारल्या, तरी क्षेत्रघनी पद्धतीची, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या सरासरीनुसार एकच छटा देण्याच्या पद्धतीची, मूळ अडचण राहतेच. पुणे जिल्ह्याची घनता ६०३ आहे, परंतु नेमकी ६०३ घनता असलेले गाव शोधायला निघालात तर बरीच पायपीट होईल. सिंहगडावर उभे राहून एकीकडे पाहिले, तर खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे शहराच्या इमारती दाटलेल्या दिसतात. दुसरीकडे राजगड-तोरण्याच्या डोंगररांगांत वेल्ह्याच्या तुरळक वाड्या. जिल्हावार नकाशात या दोन्हींवर एकच रंग चढतो. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत तालुका, गाव आणि प्रभागापर्यंतचे आकडे असतात. संपूर्ण देशासाठी निदान तालुक्यापर्यंत उतरावे, असे मी सुचवेन.

कच्छसारख्या ठिकाणी तेवढ्यानेही भागत नाही. ४५,६७४ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याची घनता ४६ येते, कारण निर्मनुष्य रणही भाजकात धरलेले असते. रण, मोठे जलाशय आणि घनदाट जंगल वगळून उरलेल्या क्षेत्राने लोकसंख्येला भागले, तर भुज, अंजार, गांधीधाम या पट्ट्यातील खरी दाटी दिसू लागते. मात्र काय वगळले, हे सूचीत स्पष्ट लिहावे. नाहीतर तुमचा आकडा सरकारी आकड्याशी जुळत नाही म्हणून पुढचा वाचक आम्हाला पत्र लिहील.

सीमांची फाईलही जनगणनेच्याच काळातील हवी. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, त्यामुळे आजच्या सीमांवर २०११चे आकडे चढवायचे असतील, तर जुन्या ठाण्याचे तालुके वेगळे करून बेरीज करावी लागते. शिवाय प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण राखणारी, निवडावी. ध्रुवांकडे जाताना क्षेत्रे फुगवणाऱ्या मर्केटर प्रक्षेपणावर लडाख कन्याकुमारीच्या मानाने सुमारे दीडपट फुगते आणि विरळ प्रदेशाचा रंग नजरेत उगाच जास्त भरतो.

प्रश्न : १२१.०८ कोटी लोकसंख्येला ३२.८७ लाख चौरस किलोमीटरने भागले, तर ३६८ येतात; मग देशाची घनता ३८२ कशी छापली जाते?
— एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : तुमचा भागाकार बरोबर आहे. जम्मू-काश्मीरमधील पाकिस्तान व चीन यांच्या ताब्यातील प्रदेशात आपली जनगणना होत नाही. तिथली माणसे अंशात नाहीत, म्हणून तिथले सुमारे १.२१ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रही छेदातून वगळले जाते. उरलेल्या ३१.६६ लाखांनी भागून पाहा, ३८२ मिळतील.