टोन टोन म्हणजे नक्की कुठला टोन?

भावा, गाणं शिकायला लागल्यावर 'टोन' म्हणजे काय हे विचारलास ते बरं केलंस, मी पण पहिलं वर्ष ह्याच गोंधळात घालवलंय. गाण्यात टोन म्हटलं की लोक पट्टी (सूर किती उंच की खाली) आणि आवाजाचा पोत एकात मिसळतात. पेटी आणि बासरी, दोन्हीवर एकच सा वाजवला तरी डोळे मिटून ओळखू येतंय ना, तो पोत. त्याच्या मागं आत्ता लागू नकोस. रोज १५ मिनिटं तानपुरा लाव, ॲपवरचा चालतोय, आणि नुसता सा धर. घसा ताणून वरची पट्टी पकडायची ही सगळ्यांची पहिली चूक, माझा आवाज त्यानंच आठवडाभर बसला होता. (गायक कुमार गंधर्व आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४, टीबीनंतर छोट्या छोट्या ताना घेऊन गायले, नुसत्या दमावर नाही चालत.)

बाकीचे टोन वेगळे:
- डॉक्टरांचा 'मसल टोन' म्हणजे स्नायू सैल सोडला तरी त्यात राहणारा ताण. तुझा हात ते स्वतः वाकवून बघतात, तू मदत करायची नाही.
- चिनी भाषेत सूर बदलला की 'मा'चा अर्थ आईवरनं घोड्यावर जातोय. मराठी-कन्नडात तसं नाही, आपल्याकडं नुसता हेल. "जेवलास" चा शेवट वर नेला की झाला प्रश्न. पुण्याचे पाहुणे आपल्या बेळगावी हेलाला हसतात, हसू देत.

श्रुती, फ्रिक्वेन्सी वगैरे सहा महिन्यांनी बघू.