तासभर गप्प बसून मग गायचं, ते का?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडला इंजिनिअरिंग शिकतोय. त्यांच्या विद्यापीठातला विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा मे महिन्यात माहलर या ऑस्ट्रियन संगीतकाराची दुसरी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) वाजवणार आहे, आणि हा कोरसमध्ये, म्हणजे समूहगायनात, बास (पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज) गातो. जानेवारीपासून दर सोमवारी तालीम. आता म्हणतो, ‘आई, आम्ही तासाभराहून जास्त वेळ स्टेजवर नुसते बसून असतो. मग गातो, तेही अगदी हळू.’ आम्ही दोघं ऐकायला जाणार आहोत. मुलांना इतका वेळ ताटकळत का ठेवायचं? आणि शिकणाऱ्या पोरांनी एवढं मोठं काम अंगावर घ्यावंच का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मीही तशीच ताटकळत बसले आहे. शिकायला तिकडे असताना विद्यार्थ्यांच्याच ऑर्केस्ट्राबरोबर मी ही सिंफनी गायले, दुसऱ्या आल्टोत, म्हणजे बायकांच्या सगळ्यात खालच्या आवाजात. पाठ नसलेला लाकडी बाक, मांडीवर बंद स्वरलिपी, घसा कोरडा. खोकला आला तर काय, ही एकच धास्ती.

पण त्या तासात कान तयार होतो. पाचव्या, म्हणजे शेवटच्या भागात पडद्यामागून कर्णे वाजतात, एक बासरी पाखरासारखी उत्तर देते, मग सगळं थांबतं. त्या शांततेत कोरस बसल्या जागेवरून गायला लागतो. साथीला एकही वाद्य नाही. आपल्याकडे तंबोरा असतो, इथे सूर मनात धरून ठेवावा लागतो. शंभरेक माणसांनी इतकं हळू गायचं की आवाज कुठून सुरू झाला ते ऐकणाऱ्याला कळू नये! मोठ्यांदा गाणं त्यामानाने सोपं. आमच्या चार महिन्यांच्या तालमींतला निम्मा वेळ या पहिल्या ओळीवर गेला, आणि तो वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

ती ओळ क्लॉपस्टॉक या जर्मन कवीची. तू पुन्हा उठशील, माझ्या मातीच्या देहा, थोड्या विसाव्यानंतर, असा तिचा भाव. 1894 मध्ये हँबर्गला हान्स फॉन ब्यूलो या ऑर्केस्ट्रा-संचालकाच्या अंत्यविधीत माहलरने हे शब्द मुलांच्या तोंडून ऐकले आणि अडलेला शेवटचा भाग त्याला सापडला. पुढचे बरेचसे शब्द त्याने स्वतः लिहिले. डिसेंबर 1895 मध्ये बर्लिनला पूर्ण सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा तो पस्तिशीचा होता.

मुलगा बास आहे, म्हणून एक खास गोष्ट. खालच्या बास गायकांना माहलरने इतका खर्जातला स्वर दिलाय की बहुतेकांचा गळा तिथे पोचतच नाही. त्याची तळटीप अशी, की तो ऐकू आला नाही तरी चालेल, पण कोणी वरच्या सप्तकातला घेऊन त्या स्वराला जास्त जोर आणू नये. मुलाला विचारा, तो या खालच्या रांगेत आहे का. असेल तर त्या क्षणी त्याच्याकडे बघा.

मुलांनी हे का घ्यावं? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. नेहमीच्या सिंफनीत दोन-चार हॉर्न (फुंकून वाजवायचं वळणदार पितळी वाद्य) लागतात, बाकीची पोरं घरी. इथे दहा हॉर्न, दहा ट्रंपेट, ऑर्गन, घंटा. ज्याला वाजवता येतं त्याला जागा आहे. दुसरं म्हणजे वेळ. व्यावसायिक मंडळींना मोजक्या तालमी मिळतात, मुलांना महिने मिळतात. पडद्यामागचे कर्णे तीस मीटरवर असले तर त्यांचा आवाज दशांश सेकंद उशिरा पोचतो. तेवढं आधी वाजवायची सवय रात्रीत लागत नाही. आमचा एक ट्रंपेटवाला सहा आठवडे जिन्यात उभा राहून तेच करत होता.

तिकीट शक्यतो वरच्या मजल्याचं घ्या, कोरस नीट दिसतो. पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटं थांबावं असं माहलरने लिहून ठेवलंय, तेव्हा सगळे गप्प बसले तर गोंधळू नका. आणि खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून रुमालात ठेवा. त्या पहिल्या ओळीच्या वेळी कागदाची चुरचुर मुलांपर्यंत पोचते, मी ती ऐकली आहे.