‘श्टोल्परश्टाइन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा: जर्मन गावांत नाझींच्या बळी ठरलेल्या ज्यू कुटुंबांच्या जुन्या घरांपुढे, त्यांची नावं ठोकलेल्या पितळी पत्र्याचे जे छोटे दगड बसवलेले असतात, त्या ‘श्टोल्परश्टाइन’ना मराठीत ‘अडथळ्याचे दगड’ म्हणावं की ‘स्मृतिशिळा’? आणि त्यांवरच्या पहिल्या ओळीचं ‘येथे वास्तव्य होते’ हे भाषांतर चालेल का?

तिन्ही नकोत. ‘अडथळा’ तर मुळीच नको. तो वाचला की मला चीड येते, आणि हल्ली तो वारंवार वाचावा लागतो. जर्मन कोशात या शब्दाचा ‘अडचण’ असा लाक्षणिक अर्थ आहे, तोच उचलून लोक मोकळे होतात. अडथळा वाट अडवतो. हे दगड जेमतेम दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे, फरसबंदीच्या पातळीत बसवलेले. त्यांच्यावरून सायकलसुद्धा विनासायास जाते. ‘श्टोल्पर्न’ म्हणजे ठेचकाळणं. ठेच लागली की आपण थांबत नाही, पण मान आपोआप खाली जाते. गुंटर डेमनिग या कलावंताला तेवढंच हवं होतं. तेव्हा ‘ठेचेचा दगड’ म्हणा. ‘स्मृतिशिळा’ ऐकली की चौथरा, साखळी आणि पुष्पचक्र डोळ्यांपुढे येतं. म्युनिकच्या नगर परिषदेला नावं पायाखाली नकोच होती. तिने सार्वजनिक जागेत हे दगड बसवू दिले नाहीत, भिंतीवरच्या पाट्या आणि खांब पत्करले. त्यांना खुशाल स्मृतिफलक म्हणा. डेमनिगचा पहिला दगड कोलोनला १६ डिसेंबर १९९२ रोजी बसला, आणि मे २०२३ मध्ये न्यूर्नबर्गला एक लाखावा. तत्त्व साधं आहे: एका माणसाचा एक दगड, त्याच्या दारापुढे.

मात्र खरी गंमत या नावात नाही, पहिल्या ओळीत आहे: ‘हिअर वोन्ते’. ‘वोनेन’ म्हणजे राहणं. या क्रियापदाची भावंडं पाहा: ‘वोने’ म्हणजे आनंद, ‘वुन्श’ म्हणजे इच्छा, ‘गेवोनहाइट’ म्हणजे सवय. लॅटिनमधली व्हीनस याच कुळातली. आणि संस्कृतात? ‘वन्’ धातू: आवडणं, इच्छिणं, मिळवणं. आपली ‘वनिता’ तिथूनच आली, मूळ अर्थ ‘जिची इच्छा केली ती’. म्हणजे जर्मन माणूस ‘वोनेन’ म्हणतो तेव्हा तळाशी आहे आवडणं, मग रुळणं, मग राहणं. आपला ‘वस्’ धातू, ज्यातून वस्ती आणि वास्तव्य निघाले, तो वेगळाच. व्युत्पत्तीने आजचा अर्थ ठरत नाही, असं भाषाशास्त्राचे जाणकार मला नेहमी सुनावतात. ठीक आहे. पण मग डेमनिगचा नियम बघा: दगड बसतो तो त्या माणसाने स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरापुढे. हे बारकाईने घ्यायला हवं. ३० एप्रिल १९३९ च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचं संरक्षण काढून घेतलं. कुटुंबांना घरं सोडायला लावून ‘यूडेनहाउस’ (ज्यूंचं घर) म्हटल्या जाणाऱ्या इमारतींत कोंबलं, एकेका खोलीत एकेक कुटुंब. छावण्यांकडे जाणाऱ्या गाडीत चढवलं ते बऱ्याचदा तिथून. सरकारी यादीत शेवटचा पत्ता तोच असतो. दगड शक्यतो तिथे बसवत नाहीत. जिथे पडदे कुठले लावायचे हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं, त्या दारापुढे बसवतात. ‘वन्’ धातू इथे जिवंत आहे, आणि कोशात नसला तरी मी तो मानणार.

म्हणून मराठीत या दगडांचं वर्णन करताना ‘शेवटचा पत्ता’ लिहिणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता ‘वास्तव्य’. आपल्याकडे वास्तव्य असतं ते थोरांचं आणि तेही बहुधा काही दिवसांचं: ‘या वाड्यात अमुक महाराजांचे वास्तव्य होते.’ दगडावर असतात गुरांचे व्यापारी, शिंपी, शाळकरी पोरं. त्यांना ‘राहत होते’ हेच शोभतं.

पण इथे एक पेच आहे जो जर्मनला पडत नाही. ‘वोन्ते’ बाई-पुरुष, लहान-थोर सगळ्यांना सारखंच. मराठीत निवड करावीच लागते. फ्रायबुर्गला एका दारापुढे दोन दगड शेजारी शेजारी आहेत. पितळ काळवंडलं होतं, समई न घासता ठेवली की होते तसं. एक बाई फडक्याने घासत होत्या आणि ठोकलेली अक्षरं एकेक करून वर येत होती. एकावर जन्मसाल १८६८, दुसऱ्यावर १९३६. दोघींखाली ‘१९४०, गूर्स’. फ्रायबुर्ग ज्यात येतं त्या बाडेनमधले आणि शेजारच्या सार-फाल्त्स भागातले ज्यू २२ ऑक्टोबर १९४० रोजी फ्रान्समधल्या त्या छावणीत नेले गेले, साडेसहा हजारांच्या घरात लोक. मी वहीत उतरवून घेतलं. आजीसाठी लिहिलं ‘येथे राहत होत्या’. चार वर्षांच्या मुलीसाठी ‘येथे राहत होती’.