काजूचं पान दोन्ही बाजूंनी सारखं का नाही?

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे. आमची काजूची बाग चिरेखाणीला, म्हणजे जांभा दगडाच्या खाणीला, लागून आहे. पानाच्या मधल्या शिरेपासून डावी बाजू एका मापाची, उजवी दुसऱ्या. झाडावर ताण आला की असं होतं, असं वाचलं. पंचवीस पानं मोजली, बहुतेकांत फरक निघाला. प्रकल्पात ‘धुळीमुळे’ असं लिहू का?
— एक विद्यार्थिनी, राजापूर तालुका

उत्तर : इतक्यात लिहू नकोस. पण मोजणं सोडू नकोस, कारण प्रश्न खरा आहे.

पानाचे दोन्ही अर्धे एकाच झाडाचे, एकाच उन्हापावसात वाढलेले. तरी ते थोडे वेगळे होतात. ती वाढीतली चूक. कधी डावा मोठा, कधी उजवा. १९६२ साली ली व्हॅन व्हेलन या अमेरिकी शास्त्रज्ञाने यावर मूलभूत लेख लिहिला. ताणाखालच्या झाडात ही चूक वाढते, असा कयास आहे. काही अभ्यासांत तसं दिसलं, काहींत नाही. कडुनिंबाचं पान बुडाशी तिरकंच असतं, पण ती त्याची जातच. तिथे ताण शोधायचा नाही.

पंचवीस पानांत फरक निघणारच. खाणीपासून लांबच्या बागेतल्या पानांत तो कमी आहे का, हा खरा प्रश्न. दोन्हीकडची दहा-दहा झाडं घे, शक्यतो एकाच जातीची, एकाच वयाची. प्रत्येकाची दहा पानं, सारख्या उंचीवरची, उन्हातली. ढेकण्या किडीने चोखलेली, आकसलेली पानं वगळ. पानाच्या लांबीच्या मध्यावर, शिरेपासून कडेपर्यंत दोन्ही बाजू मोज. ३१ आणि २९ मिलिमीटर आले तर फरक २, बेरीज ६०, भागाकार ०.०३३. मोठ्या पानात फरकही मोठा दिसतो, म्हणून भागायचं.

मग आठवड्याने तीच पानं, जुने आकडे न बघता, पुन्हा मोज. मी एकदा परसातल्या फणसाची पानं अशी दोनदा मोजली. निम्म्याहून जास्त पानांत डावं-उजवं उलटलं. म्हणजे मी पान नव्हे, पट्टीची चूक मोजत होतो. तेव्हापासून व्हर्नियर कॅलिपरशिवाय, म्हणजे मिलिमीटरचेही अंश दाखवणाऱ्या मापकाशिवाय, मोजत नाही.

आणखी एक. पानांवर नंबर भावाला घालू दे, कुठल्या नंबरचं पान कुठल्या बागेतलं ते त्याच्याच वहीत राहू दे. पान प्रदूषित जागेचं आहे असं मोजणाऱ्याला वाटलं की त्याला फरक जास्त सापडतो, हे बर्च या थंड प्रदेशातल्या झाडाच्या पानांवर तपासून दाखवलेलं आहे.

शिवाय पानाचा आकार कोवळेपणीच ठरतो. आज पडणारी धूळ जून पानाला वाकडं करत नाही. पावसाळ्यानंतर पालवी फुटते, त्या दिवसांत खाण चालू होती का, वारा कुठून होता, ते टिपून ठेव.

आणि धूळ थांबवायला या प्रकल्पाची वाट पाहू नका. पानावर थर बसला की ऊन नीट पोचत नाही, एवढं पुरेसं आहे. बाबांना सांग, फोटो काढून ग्रामपंचायतीत अर्ज या आठवड्यातच द्या. तुझे आकडे निघाले की मला पाठव. फरक नाही निघाला तरी पाठव.