१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या फक्त दिसायला सुंदर आहे, की तिच्यात गणिती दृष्ट्या काही खास आहे?

खास आहे, आणि ते हाताने करून बघण्यासारखं आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर हे सतरा अंक मावणार नाहीत, तेव्हा चौकटीची वही घ्या.

ही संख्या म्हणजे नऊ एक्क्यांचा, १११११११११ चा, वर्ग. शाळेतल्यासारखा गुणाकार मांडला की नऊ एक्क्यांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून बेरीज करत चला. पहिल्या घरात एक एक्का, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, अगदी मधल्या घरात नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. कुठेच हातचा येत नाही, म्हणून जिना शाबूत राहतो. दहा एक्के घेतलेत तर मधल्या घरात दहा जमतात, हातचा पुढे सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना तिथेच मोडला.

मला मात्र तिचा दुसरा गुण जास्त आवडतो. तिच्या अंकांची बेरीज करा: ८१. आता संख्येला ८१ ने भागा. बाकी शून्य, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. भागण्याऐवजी ८१ ने गुणलंत तर थेट ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो!

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव द. रा. कापरेकरांनी दिलं. देवळालीला १९३० ते १९६२ शाळेत शिकवणारे हे मास्तर जगाला ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे माहीत आहेत, पण तुमच्या या जिन्याच्या संख्यांवरही त्यांनी मनापासून काम केलं. त्यांना ते 'डेम्लो' संख्या म्हणत. ही कल्पना त्यांना डोंबिवलीच्या रेल्वे स्टेशनवर सुचली, तेव्हा त्या स्टेशनला डेम्लो म्हणत, म्हणून नाव त्या स्टेशनवरून. लोकल पकडायला डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं.

आता हर्षद आणि डेम्लो एकत्र बघा. एक एक्का, दोन एक्के, असं करत नऊपर्यंतचे वर्ग घेतले तर अंकांची बेरीज अनुक्रमे १, ४, ९, १६ अशी ८१ पर्यंत जाते, तीही वर्गच. पण १२१ ला ४ ने भाग जात नाही. १२३२१ ला ९ ने जातो, उत्तर १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग. पुढच्यांचं काय? एक्क्यांवर संपणाऱ्या संख्येला २ किंवा ५ ने भाग जाणं शक्यच नाही, त्यामुळे ज्यांच्या वर्गांच्या बेरजा १६, २५, ३६ आणि ६४ येतात ते चार, पाच, सहा आणि आठ एक्के बाद. सात एक्क्यांना ७ ने भाग जात नाही, म्हणून त्यांच्या वर्गाला ४९ नेही नाही. उरतात तीनच: १, १२३२१ आणि तुम्ही विचारलेली ही.