शॅडोइंगचे तास मोजणारी मुलगी

फार्माकॉलॉजीत मास्टर्स चालूये, पुढे मेडिकलला जायचंय, मग व्हॉलंटिअरिंग आणि शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचं काम बघणं, हे सगळं एकदम कसं जमवू, हा प्रश्न घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच. त्यातल्याच एकीचं सांगते, तिला विचारलंय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ती आली तीच मोबाइलमधलं कॅलेंडर उघडून. लॅब, लेक्चर्स, दोन संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी व्हॉलंटिअरिंग आणि बुधवारी सकाळी ओपीडीत डॉक्टरांच्या मागे उभं राहायचं. कॅलेंडरात सगळं मस्त बसत होतं. पण लॅबमधल्या पेशी काय कॅलेंडर बघून वाढतात का, फ्लास्क भरला की त्याच दिवशी पॅसेज करावा लागतो, म्हणजे थोड्या पेशी नव्या फ्लास्कात हलवाव्या लागतात, वेस्टर्न ब्लॉटची, म्हणजे प्रथिनं शोधायच्या चाचणीची, अँटीबॉडी रात्रभर ४ डिग्रीला ठेवली की सकाळी हजर राहावंच लागतं, मग एकदा बुधवार बुडला, एकदा ब्लॉट वाया गेला, आणि गाइडना खरं सांगायची हिंमत नाही म्हणून 'बरं वाटत नव्हतं'. तिसऱ्यांदा 'बरं वाटत नव्हतं' झाल्यावर ती माझ्याकडे आली.

शॅडोइंगची डायरी आणली होती. तारीख, ४ तास, सही. पुढचं पान, परत तारीख, ४ तास, सही. म्हटलं, यातलं आठवतंय काय? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, मॅडम, एक आजोबा होते, रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू, दाढेसाठी कोणीतरी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलेलं आणि हिरड्यातून रक्त थांबेना. डॉक्टरांनी आधी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ६ च्या वर आला, हवा असतो २ ते ३. वॉरफरिन मोडणारं यकृतातलं एन्झाइम, सीवायपी२सी९, मेट्रोनिडाझोलने अडलं की वॉरफरिन साठत जातं हे मी पाठ केलेलं हो, पण ते टेबलावर असं दिसेल असं वाटलं नव्हतं! दहा मिनिटं थांबलीच नाही. डायरीत त्या दिवशी काय? ४ तास, सही.

माझं मत सांगू का, दर आठवड्याला थोडं थोडं शॅडोइंग लॅबवाल्यांना झेपतच नाही. प्रयोगांमध्ये गॅप असेल किंवा सेमिस्टर संपलं असेल तेव्हा सलग आठ-दहा दिवस करावं. व्हॉलंटिअरिंगचं उलट, ते कमी असलं तरी चालेल पण नेमाने पाहिजे, तिथे कोणीतरी तुमची वाट बघत असतं.

गाइडना मेल तिने माझ्यासमोरच लिहिला, चार ओळींचा, पाऊण तास लागला. उत्तर आलं, 'आधी सांगायचं ना, ब्लॉट शुक्रवारी लावू.' एक व्हॉलंटिअरिंग सोडायचं होतं त्याचं तर तिला रडूच येत होतं, त्यांना किती वाईट वाटेल म्हणून. तिथल्या ताईंनी फक्त कपाटाची किल्ली कुणाकडे देतेस एवढंच विचारलं.